गावांच्या यादीवर रेग्युलर एक्स्प्रेशन चालवताना ‘वणी’ का निसटते?

काळी माती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे दोन याद्या आहेत. पहिलीत जिल्ह्याचे १६ तालुके व त्यांतील गावे आहेत. दुसरीत सभासदांनी कापूस आणि तुरीच्या नोंदणीच्या वेळी सांगितलेले पत्ते आहेत, आणि ते टंकणाऱ्याने जसे ऐकले तसे लिहिलेले आहेत. प्रत्येक पत्त्यातून गावाचे नाव ओळखून सभासदांची गावनिहाय विभागणी करायची आहे.

त्यासाठी पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली आहे. ती गावांच्या यादीतील एकेक नाव घेते, त्याचा पॅटर्न, म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा (रेग्युलर एक्स्प्रेशन), बनवते आणि तो सर्व पत्त्यांवर चालवते. नुसते नाव दिले, तर ‘वणी’ शोधताना ‘शिवणी’चेही पत्ते हाती येतात, कारण ‘शिवणी’च्या पोटात ‘वणी’ आहेच. म्हणून प्रत्येक नावाच्या दोन्ही टोकांना शब्दसीमेचे चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश-बी (\b), लावले. त्यानंतर जे घडते त्याचा मला उलगडा होत नाही. पुसद, नेर, कळंब, दिग्रस, उमरखेड, राळेगाव ही नावे व्यवस्थित सापडतात. वणी, आर्णी, घाटंजी, दारव्हा ही मात्र पत्त्यात स्पष्ट लिहिलेली असूनही सापडत नाहीत. उलट ‘शिवणीचा पांदण रस्ता’ असे लिहिलेल्या पत्त्यात ‘वणी’ सापडल्याचे स्क्रिप्ट सांगते.

खरेदीच्या हंगामात कोणत्या गावाला कोणत्या दिवशी गाडी पाठवायची हे याच विभागणीवरून ठरते. ज्याचे नाव सुटेल त्याचा माल घरात पडून राहील, म्हणून अंदाजाने केलेला उपाय नको आहे. कारण कळावे, ही विनंती.

संत्र्याची बाग

शब्दसीमेचे चिन्ह काढून टाका आणि नावाच्या आधी व नंतर एकेक मोकळी जागा ठेवून शोधा, म्हणजे प्रश्न मिटेल.

पैनगंगा

बागवाले भाऊ, त्याने प्रश्न मिटणार नाही. पत्ता ‘वणी’नेच सुरू होत असेल तर आधी मोकळी जागा नसते, आणि ‘रा. वणी, जि. यवतमाळ’ यात नावानंतर स्वल्पविराम येतो. अशा नोंदी मोकळ्या जागेच्या अटीमुळे सुटतील.

मला मात्र काळी माती यांच्या उदाहरणांतच उत्तर दडलेले दिसते. जी नावे सापडतात त्यांची शेवटची अक्षरे पाहा: द, र, ब, स, ड, व. जी सापडत नाहीत त्यांची शेवटची अक्षरे णी, जी, व्हा अशी आहेत. म्हणजे ज्या नावाच्या अखेरीस वेलांटी किंवा काना आहे तेच नाव निसटते. मात्रा आणि शब्दसीमा यांचे काही वाकडे असावे.

नुक्ता

पैनगंगा ताईंनी नेमके दुखणे ओळखले आहे. त्यामागचे कारण सविस्तर लिहितो, कारण मराठी मजकुरावर स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला ते आज ना उद्या लागणारच आहे.

आपण ‘णी’ला एक अक्षर मानतो, पण संगणकात ती दोन चिन्हे आहेत: आधी ‘ण’ आणि मग स्वतंत्र वेलांटी. युनिकोडने, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाने, ‘ण’ची गणना अक्षरांत केली आहे, तर वेलांटी, काना, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांची गणना जोडचिन्हांत केली आहे. पायथॉनच्या अंगभूत आरई (रेग्युलर एक्स्प्रेशनच्या) मॉड्यूलमध्ये शब्दातील चिन्ह म्हणजे अक्षर, अंक किंवा अधोरेखा, एवढीच व्याख्या आहे. जोडचिन्हे तिच्यात बसत नाहीत. त्यामुळे त्या मॉड्यूलच्या दृष्टीने मात्रा ही मोकळ्या जागेसारखी किंवा स्वल्पविरामासारखी शब्दाबाहेरची गोष्ट ठरते.

शब्दसीमा म्हणजे जेथे एका बाजूला शब्दातील चिन्ह आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे ठिकाण. ‘वणी’नंतर मोकळी जागा आली की वेलांटीही शब्दाबाहेरची आणि मोकळी जागाही शब्दाबाहेरची ठरते, त्यामुळे तेथे सीमाच निर्माण होत नाही आणि पॅटर्न फसतो. ‘शिवणीचा’ या शब्दात मात्र ‘शि’ची वेलांटी आणि ‘व’ यांच्यामध्ये एक सीमा तयार होते, ‘णी’ची वेलांटी आणि ‘च’ यांच्यामध्ये दुसरी, आणि त्या दोहोंच्या मध्ये ‘वणी’ अचूक बसते. म्हणून जेथे सापडायला नको तेथेच ती सापडते. याच कारणाने ‘वर’ हा शब्द सीमा लावून शोधला तर तो ‘वरोरा’ आणि ‘वरूड’ यांतही सापडेल, कारण दोन्ही नावांत ‘र’नंतर मात्रा आहे.

यावर माझा उपाय असा आहे की त्या चिन्हावर विसंबूच नये. आपली सीमा आपणच सांगावी: नावाच्या आधी देवनागरी चिन्ह नसावे आणि नंतरही नसावे.

(?<![ऀ-ॣॱ-ॿ])वणी(?![ऀ-ॣॱ-ॿ])

देवनागरीचा युनिकोड विभाग ०९०० पासून सुरू होतो. वरच्या कंसातील पहिला टप्पा ०९०० ते ०९६३ आणि दुसरा ०९७१ ते ०९७फ असा आहे, यातील फ म्हणजे षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीतील शेवटचा अंक. मधला भाग मुद्दाम वगळला आहे, कारण तेथे दंड आणि ० ते ९ हे देवनागरी अंक येतात, आणि ‘वणी४४५३०४’ असा पिनकोड चिकटून लिहिलेला असला तरी नाव सापडायला हवे. दुसरा टप्पा वगळू नये. ‘ॲ’ हे अक्षर ०९७२ या क्रमांकावर आहे आणि मराठीला ते रोज लागते.

अनेक जण [अ-ह] एवढाच टप्पा लिहितात. त्यात ‘ळ’ येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’नंतर आहे, आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर नाही. पण त्यात एकही मात्रा येत नाही, आणि तीच आपली मूळ अडचण आहे.

काळी माती (धागाकर्ता)

नुक्ता सर, पॅटर्न बदलून पाहिला. वणी, आर्णी, घाटंजी, दारव्हा सर्व सापडली आणि शिवणी बाजूला राहिली. मनापासून आभार. पायथॉनमध्ये चलाला ‘यादी’ किंवा ‘गावे’ असे मराठी नाव दिलेले चालते, तेथे मात्रा शब्दाचा भाग म्हणून स्वीकारली जाते, आणि त्याच भाषेचे मॉड्यूल मात्रेला शब्दाबाहेर काढते, ही विसंगती मला फार खटकली.

जुना पर्लवाला, अमरावती

खटकण्यासारखीच आहे. युनिकोडच्या तांत्रिक मानक क्रमांक १८ मध्ये शब्दातील चिन्हांत जोडचिन्हे धरावीत असे स्पष्ट म्हटले आहे. पर्ल ही संगणकभाषा ते पाळते. म्हणून माझे मत असे की एवढा लांब पॅटर्न प्रत्येक नावाभोवती गुंडाळण्यापेक्षा नीट व्याख्या असलेले साधन वापरावे. पर्लमध्ये मूळ शब्दसीमा ‘वणी’ला बरोबर लागू पडते. अट एवढीच की स्क्रिप्ट आणि फाइल दोन्ही यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) मध्ये आहेत हे पर्लला आधी सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट सुटे पाडले जातात आणि चौकोनी कंसातील प्रत्येक पर्याय निरर्थक होतो.

ज्यांना पायथॉन सोडायचे नाही त्यांच्यासाठी ‘रेजेक्स’ नावाचे वेगळे मॉड्यूल पिप या पायथॉनच्या साधनाने बसवता येते. त्यातही मात्रा शब्दातच धरली जाते.

नुक्ता

पर्लवाले काका, साधनांविषयी तुमचे म्हणणे मला मान्य आहे, पण एका कारणासाठी मी लांब पॅटर्नच सुचवतो. तालुक्याच्या ठिकाणी ज्या संगणकावर ही स्क्रिप्ट चालते त्यावर नवे मॉड्यूल बसवण्याची परवानगी आणि इंटरनेट दोन्ही असतीलच असे नाही. अंगभूत मॉड्यूलवर चालणारी स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवरून कोठेही नेता येते.

सोयाबीन

आमच्या बचत गटाच्या याद्या गूगल शीट्समध्ये आहेत. तेथे रेजेक्समॅच हे सूत्र वापरते. नुक्ता सरांचा पॅटर्न तेथे टाकला, तर त्रुटीचा संदेश येतो. काय करावे?

नुक्ता

ताई, शीट्समागे आरई-टू हे इंजिन आहे आणि त्यात मागे-पुढे डोकावून पाहण्याची सोय जाणीवपूर्वक ठेवलेली नाही. त्या बदल्यात ते कोणत्याही पॅटर्नवर अडकून बसत नाही. तेथील शब्दसीमा तर केवळ रोमन अक्षरांसाठी आहे. तेथे असे लिहा:

(^|[^ऀ-ॣॱ-ॿ])वणी($|[^ऀ-ॣॱ-ॿ])

याचा अर्थ: नावाआधी ओळीचा आरंभ किंवा देवनागरी नसलेले चिन्ह, आणि नंतर ओळीचा शेवट किंवा देवनागरी नसलेले चिन्ह. नाव आहे की नाही एवढेच पाहायचे असल्यास हे पुरेसे आहे.

पैनगंगा

आता माझा एक मतभेद नोंदवते. जेथे पत्त्याचा मजकूर सलग आहे तेथे रेग्युलर एक्स्प्रेशन हवेच. पण ज्या यादीत गावाचा स्वतंत्र रकाना आहे आणि त्यात फक्त गावाचे नाव आहे, तेथे पॅटर्न वापरण्याची गरजच नाही. गावांच्या नावांचा सेट करावा आणि रकान्यातील नाव त्यात आहे का, एवढेच विचारावे. पायथॉनमध्ये हे काम गावांची संख्या कितीही असली तरी जवळजवळ सारख्याच वेगाने होते, आणि सीमेचा प्रश्नच उद्भवत नाही. पॅटर्न वापरायचाच असेल तर फुलमॅच वापरावे, ते पूर्ण नाव जुळते का हे पाहते. मॅच हे फंक्शन फक्त आरंभ पाहते, त्यामुळे ‘नेर’ हा पॅटर्न ‘नेरपिंगळाई’लाही जुळतो, आणि नेर यवतमाळ जिल्ह्यात तर नेरपिंगळाई अमरावती जिल्ह्यात.

संत्र्याची बाग

ताई, सेटमध्ये ‘वरूड’ असेल आणि रकान्यात ‘वरुड’ असेल तर? आमच्या गावचे नाव दोन्ही प्रकारे लिहिलेले मी रोज पाहतो.

पैनगंगा

त्यासाठी तुलना करण्यापूर्वी दोन्ही याद्यांतील प्रत्येक नावाची एक ‘किल्ली’ तयार करावी. किल्लीत सर्व दीर्घ उकार ऱ्हस्व करावेत आणि दीर्घ वेलांट्याही ऱ्हस्व कराव्यात. तुलना किल्ल्यांची होते, मूळ नाव जसेच्या तसे राहते. मूळ यादीतील शुद्धलेखन कोणीही बदलू नये असे माझे ठाम मत आहे, कारण सातबाऱ्यावर जे नाव आहे ते कागदोपत्री तसेच लागते.

सलग मजकुरात शोधायचे असेल, तर वर[ुू]ड असा पॅटर्न चालतो. संपादकात कंसातील उकार मागच्या चिन्हाला चिकटून विचित्र दिसतात, पण पॅटर्न बरोबर असतो. मात्र ढिलाई देताना सीमा सोडू नये. म[ुू]ल असे नुसते लिहिले, तर चंद्रपूर जिल्ह्यातील मूलबरोबर गडचिरोलीतील मुलचेराही येईल.

वाचनालय

आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या अंकांची सूची करताना मला हाच प्रश्न वेगळ्या बाजूने भेटला, म्हणून लिहिते. पत्त्यात गाव बहुधा मूळ रूपात येते, पण बातमीत किंवा अर्जाच्या मजकुरात ते विभक्तीसह येते. नुक्ता सरांची काटेकोर सीमा लावली, की ‘वणीला’, ‘वणीच्या’, ‘वणीहून’ हे सर्व बाहेर राहतात. तेथे नावापुढे प्रत्ययांची यादी पर्याय म्हणून द्यावी लागते:

वणी(ला|त|हून|चा|ची|चे|च्या|तील|तून)?

आणि या शेपटीनंतर सीमा लावावी. परंतु सर्व नावे अशी सरळ चालत नाहीत. ‘नागपूर’चे ‘नागपुरात’ होते, ‘वरोरा’चे ‘वरोऱ्यात’ आणि ‘दारव्हा’चे ‘दारव्ह्यात’. नागपुरासाठी उकाराचे दोन्ही पर्याय आणि ‘र’नंतर ऐच्छिक काना एवढे पुरते, पण आकारान्त नावांना सामान्यरूप वेगळे द्यावेच लागते: वरो(रा|ऱ्या). मी प्रत्येक आकारान्त गावासमोर त्याचे सामान्यरूप हाताने लिहून ठेवले आहे. व्याकरणाचा नियम स्क्रिप्टमध्ये बसवण्यापेक्षा मला ते अधिक विश्वासाचे वाटते, कारण गावांची नावे नियमाला नेहमी बांधील नसतात.

मेळघाटची वाट

वाचनालय ताईंनी ‘वरोऱ्या’ लिहिले आणि मला एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट आठवली. ‘शेतकऱ्या’मधील ‘ऱ्य’ संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (क्रमांक ०९३१) आणि हलन्त असते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. तिसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक २००ड, यातील ड म्हणजे षोडशमान पद्धतीतील तेरा या किमतीचा अंक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण पॅटर्नच्या लेखी ते तीन वेगळे शब्द असतात.

पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधील एनएफसी सामान्यीकरण पहिले दोन एक करते. तिसरा प्रकार मात्र तसाच राहतो, म्हणून त्या तीन चिन्हांच्या जागी ‘ऱ्’ ठेवण्याची आज्ञा आपणच द्यावी लागते. त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हे काढून टाकावीत. स्ट्रिप हे फंक्शन ती काढत नाही, कारण ती मोकळ्या जागेत मोडत नाहीत. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्ही फाइलच्या अगदी आरंभीही असेच एक चिन्ह असू शकते आणि त्यामुळे यादीतील पहिलेच नाव जुळत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ दिले, की ते निघून जाते.

कोणताही पॅटर्न चालवण्यापूर्वी ही साफसफाई दोन्ही याद्यांवर झालीच पाहिजे. शेतकऱ्यांच्या याद्यांत ‘शेतकरी’ या शब्दाचेच रूप जुळत नसेल, तर पुढचे सर्व श्रम वाया जातात.

टंकलेखन केंद्र

मेळघाटच्या दादांच्या मुद्द्याला पूर्णपणे दुजोरा देतो आणि त्याच्याही आधीची एक पायरी सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या फाइलींपैकी बऱ्याच कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. त्या पडद्यावर मराठी दिसत असल्या, तरी आत रोमन अक्षरांचे व चिन्हांचे सांकेतिक क्रमांकच असतात. त्यांच्यावर देवनागरीचा कोणताही पॅटर्न चालणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि रूपांतरानंतर रफार व पहिली वेलांटी योग्य जागी आली आहे ना, हे डोळ्यांनी तपासावे. या दोन चिन्हांची जागा अशा फॉन्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने नसते.

व्यक्तींची नावे जुळवताना उपाधी काढण्याच्या पॅटर्नविषयीही लिहितो. असा पॅटर्न मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे:

^(श्री|श्रीमती|सौ)\.? *

पायथॉन आणि पर्ल पर्यायांपैकी सर्वांत लांब पर्याय शोधत नाहीत. डावीकडून जो पहिला जुळेल तो घेतात. म्हणून ‘श्रीमती शांताबाई’मधील ‘श्री’ निघून ‘मती शांताबाई’ उरते. शिवाय टिंब आणि मोकळी जागा दोन्ही ऐच्छिक असल्याने ‘श्रीराम’चा ‘राम’ होतो आणि ‘सौरभ’चा ‘रभ’. एखाद्या माणसाचे नाव यादीत असे मोडलेले पाहणे त्याच्यासाठी अपमानास्पद असते, आणि अनुदानाच्या यादीत ते महागही पडते. पॅटर्न असा असावा:

^(श्रीमती|श्री|सौ)[. ]+

येथे टिंब किंवा मोकळी जागा निदान एकदा असणे सक्तीचे आहे, त्यामुळे ‘श्रीराम’ला धक्का लागत नाही.

काळी माती (धागाकर्ता)

सर्वांचे पुन्हा आभार. मेळघाटच्या दादांनी सांगितलेली साफसफाई, पैनगंगा ताईंची किल्ली आणि नुक्ता सरांची सीमा या क्रमाने स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. बहुतेक पत्ते आता जुळतात. जे उरले त्यांत टंकणाऱ्याच्या चुका आहेत: एखादे अक्षर गळलेले किंवा शेजारची कळ दाबली गेलेली. डिफलिब मॉड्यूलमधील गेट-क्लोज-मॅचेस हे फंक्शन जवळची नावे सुचवते. सारखेपणाची मर्यादा वाढवून त्याने सुचवलेले पहिले नाव आपोआप स्वीकारले तर चालेल का?

पैनगंगा

आपोआप मुळीच स्वीकारू नये, आणि याचे कारण आकड्यांत सांगता येते. त्या फंक्शनची मूळ मर्यादा ०.६ आहे. ‘वरूड’ आणि ‘वरुड’ हे एकच गाव आहे. त्यांत चारपैकी तीन चिन्हे जुळतात, म्हणून सारखेपणा ०.७५ येतो. ‘आर्वी’ आणि ‘आर्णी’ ही दोन वेगळी गावे आहेत, एक वर्धा जिल्ह्यातील आणि दुसरे यवतमाळमधील. त्यांत पाचपैकी चार चिन्हे जुळतात, म्हणून सारखेपणा ०.८ येतो. म्हणजे मर्यादा ०.८ ठेवली, तर एकच गाव असलेली जोडी गळते आणि वेगळ्या गावांची जोडी एक होते. मर्यादा कोठेही ठेवली तरी हा प्रश्न राहतोच.

त्यामुळे फंक्शनने सुचवलेली नावे वेगळ्या रकान्यात लिहावीत आणि त्या भागातील माहितगार माणसाने प्रत्येक ओळ पाहून होकार द्यावा. पत्त्यात तालुका असेल तर सुचवण्या त्याच तालुक्यातील गावांपुरत्या ठेवाव्यात, म्हणजे काम पुष्कळ हलके होते.

काळी माती (धागाकर्ता)

पटले. उरलेली यादी छापून त्या त्या गावच्या गटप्रमुखांकडे पाठवतो.

सोयाबीन

एक शेवटची शंका. आमच्याकडे ‘सावरगाव (बु.)’ आणि ‘सावरगाव (खु.)’ अशी नावे आहेत. शीट्समध्ये हेच नाव पॅटर्न म्हणून दिले, तर ते स्वतःलाच जुळत नाही. कंसातील भाग काढून टाकावा का?

नुक्ता

ताई, काढू नका, कारण बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत आणि कंस काढला की त्यांचे सभासद एकमेकांत मिसळतील. अडचण अशी आहे की गोल कंस म्हणजे पॅटर्नच्या भाषेत गट आणि टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. त्यामुळे मोकळ्या जागेनंतर पॅटर्न थेट ‘ब’ शोधतो आणि त्याला कंस भेटतो. दोन्ही कंसांपूर्वी आणि टिंबापूर्वी बॅकस्लॅश द्या:

सावरगाव \(बु\.\)

पायथॉनमध्ये हेच काम एस्केप हे फंक्शन करते, म्हणून यादीतून पॅटर्न बनवताना प्रत्येक नाव आधी त्यातून काढावे. टंकणाऱ्याने कंस किंवा टिंब गाळले असण्याची शक्यता असेल, तर तिन्ही चिन्हे ऐच्छिक ठेवा:

सावरगाव *\(?बु\.?\)?

सोयाबीन

हा पॅटर्न शीट्समध्ये चालला आणि दोन्ही सावरगावे वेगवेगळी निघाली. धन्यवाद, सर.